हाडे काय सांगतात?



मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या या अंबाजोगाईत वसंतातल्या संध्याकाळी व्याख्यानाला उभे राहायचे आणि विषय घ्यायचा तो हाडांचा, हे काहींना विचित्र वाटेल. ज्या गावी ब्रह्मविद्येचे निरूपण मराठीत झाले, त्या गावी खुरांची आणि दातांची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर त्यात त्याचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु 'कोऽहम्' हा प्रश्न जसा आत वळून विचारता येतो, तसा तो बाहेर पाहूनही विचारता येतो. आपण कोण, कोठून आलो, आपले सोबती कोण, याचे एक उत्तर आपल्या गोठ्यात उभे आहे आणि दुसरे आपल्या नदीच्या दरडीत पुरलेले आहे. आज त्या दोन उत्तरांची सांगड घालण्याचा आमचा विचार आहे.

आम्ही आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवीत आलो. मुले वर्गात जे विचारीत नाहीत, ते वर्ग सुटल्यावर विचारतात. असे प्रश्न आम्ही एका वहीत टिपून ठेवीत असू. हत्तीला चार गुडघे असतात काय? बैलाचा मागचा गुडघा उलटा का वाकतो? गाईला वरचे पुढचे दात का नाहीत? माकडापासून माणूस झाला, तर माकडे अजून शिल्लक कशी? आपल्या जिल्ह्यात डायनासोर सापडेल काय? हे प्रश्न पोरकट नाहीत. यांतला एकेक प्रश्न धरून चालत गेले, तर माणूस थेट सृष्टीच्या इतिहासात जाऊन पोहोचतो.

हत्तीपासून आरंभ करू, कारण या गावाला हत्ती नवा नाही. जयंती नदीच्या काठचा हत्तीखाना आपण सर्वांनी पाहिला आहे. काळ्या कातळातून कोरून काढलेले ते हत्ती आज झिजले आहेत, तरी त्यांच्या उभे राहण्यात हत्तीचा डौल आहे. खांबासारखे सरळ पाय ही हत्तीची खूण शिल्पकाराने अचूक हेरली. आता त्या पायांना चार गुडघे आहेत काय? नाहीत. गुडघे दोनच, आणि ते मागच्या पायांना. पुढच्या पायांत जेथे आपणांस गुडघा दिसतो ते हत्तीचे मनगट होय. हत्तीच्या पावलाच्या आत आपल्यासारखीच पाच बोटे असतात. त्या बोटांच्या मागे चरबीची जाड गादी असते आणि त्या गादीवर हत्तीचा भार पेलला जातो. म्हणजे एवढा अवाढव्य प्राणी, पण हाडांच्या हिशेबाने तो टाच उंचावून, चवड्यावर चालतो.

येथे बैलाच्या उलट्या गुडघ्याचेही उत्तर मिळते. बैलाच्या मागच्या पायात जो सांधा मागे टोक काढून असतो, तो गुडघा नव्हेच. ती त्याची टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि तो आपल्या गुडघ्यासारखाच पुढे येतो. बैल आणि घोडा हे जन्मभर बोटांच्या टोकांवर उभे असतात. आपण ज्याला खूर म्हणतो ते त्यांचे नख होय. हे एकदा ध्यानात आले म्हणजे गोठ्यातल्या जनावराकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. त्याच्या पुढच्या पायात खांदा, कोपर, मनगट, तळवा आणि बोटे, सारे आपल्याच क्रमाने आहे. क्रम तोच, फक्त लांबी-रुंदी निराळी.

आता नालबंदाकडे चला. हे गाव मोमिनाबाद म्हणून ओळखले जात होते, तेव्हा येथे निजामाच्या राज्यातल्या घोडदळाची छावणी होती. तेव्हाच्या नालबंदाला कोणी प्राणिशास्त्र शिकवले नव्हते. पण घोड्याच्या पायाला एक नाल ठोकायची आणि बैलाच्या पायाला दोन पत्र्या मारायच्या, हे तो जाणत होता. का? कारण घोडा एका बोटावर उभा आहे आणि बैल दोन बोटांवर. घोड्याचे ते बोट म्हणजे आपले मधले बोट. बैलाची दोन बोटे म्हणजे आपले मधले आणि अनामिका. मग बैलाची बाकीची बोटे गेली कोठे? खुराच्या मागे, थोडी वर, दोन लहान खुऱ्या लोंबत असतात. त्या जमिनीला टेकत नाहीत आणि बैलाच्या फारशा उपयोगीही पडत नाहीत. तीच दुसरी आणि पाचवी बोटे. अंगठा मात्र पार नाहीसा झाला आहे.

मांसाहारी मंडळींनी घरी बोकडाचे पाये आणले, तर एक काम करावे. खुराच्या वरचे लांब हाड स्वच्छ करून त्याचे खालचे टोक पाहावे. एकाच हाडाच्या टोकाला दोन चाके असावीत तसे ते दिसते, आणि हाडाच्या अंगावर उभी खाच असते. तळव्याची दोन निराळी हाडे जुळून ते एक झाले आहे, त्याची ती शिवण. घोड्यातही अशीच खूण सापडते. त्याच्या मुख्य हाडाच्या दोन्ही अंगांस सळईसारखी दोन बारीक हाडे चिकटलेली असतात. त्यांच्या टोकाला बोट नाही. नाही, पण एके काळी होते. शिवालिकच्या टेकड्यांत हिप्पॅरिऑन नावाच्या घोड्याचे अवशेष मिळाले आहेत. त्याला मधल्या बोटाशेजारी दोन छोटी बोटे होती. आजच्या घोड्यातल्या निरर्थक सळईचा अर्थ त्या जुन्या घोड्याने सांगितला. रिकाम्या घरात भिंतीला खुंट्या दिसल्या, की येथे कोणी तरी काही टांगीत होते हे आपण ओळखतो. प्राण्याच्या शरीरातही अशा खुंट्या राहून जातात.

दातांचा विषय तर शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा. बैलबाजारात वासराच्या ओठाला हात घातल्यावाचून सौदा होत नाही. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि शेवटी जुळलेला, अशा पायऱ्यांनी जनावराचे वय सांगतात. दर वेळी दुधाच्या दातांची जोडी पडून कायमची जोडी येते, यावर ही गणना उभी आहे. खालच्या जबड्यात असे आठ दात. वरच्या जबड्यात समोर एकही नाही, तेथे नुसते टणक हिरडीचे पीठ. गाय गवत तोडते ते जिभेने वेटाळून, खालचे दात आणि हे पीठ यांच्यात धरून, हिसडा देऊन. पुढे ते रवंथ करून दाढांनी दळायचे आहे, तेव्हा कातरायला कात्री नसली तरी चालते.

यात एक गंमत आहे. हत्तीच्या बाहेर आलेल्या दातांना आपण सुळे म्हणतो. ते सुळे नव्हेत. ते वरच्या जबड्यातले पटाशीचे दात आहेत, वाढत वाढत बाहेर आलेले. आणि बैलाच्या खालच्या आठ दातांतली अगदी कडेची जोडी दिसायला पटाशीसारखी असली, तरी खरी ती सुळ्यांची जोडी आहे. सुळ्याने आपले टोक टाकून शेजाऱ्यांचे रूप घेतले. ज्याला आपण सुळा म्हणतो तो सुळा नाही आणि ज्याला म्हणत नाही तो सुळा आहे! रूपाने फसायचे नाही, जागा पाहायची, हा शरीररचनाशास्त्राचा पहिला धडा आहे. 'जागा पाहायची' हे शब्द श्रोत्यांनी लक्षात ठेवावेत. पुढे ते आम्हांस पुन्हा लागणार आहेत.

आणखी एक उदाहरण देतो. जिराफाच्या मानेत किती मणके असतील? सात. बैलाच्या मानेत? सात. उंदराच्या आणि आपल्या मानेत? सातच. सस्तन प्राण्यांत एखाददुसरा अपवाद सोडला तर हा आकडा चुकत नाही. उंदराला मान असून नसल्यासारखी आणि जिराफाची मान झाडाच्या शेंड्याला पोहोचणारी, तरी मणके तितकेच. प्रत्येक प्राणी स्वतंत्रपणे, कोऱ्या कागदावर आखला गेला असता, तर लांब मानेला पुष्कळ मणके देणे सोपे होते. पण तसे झालेले नाही. जुन्या घरात राहणारा माणूस पायापासून नवे बांधीत नाही. एखादी भिंत सरकवतो, खिडकी मोठी करतो, ओसरीची खोली करतो. त्यामुळे एकाच वाड्यातून वाटण्या झालेल्या घरांत मूळच्या वाड्याच्या खुणा राहतात. प्राण्यांचेही तसेच आहे. डार्विनने १८५९ साली मांडलेला विचार थोडक्यात हाच. पिलांमध्ये लहानमोठे फरक असतात, परिस्थितीला जे फरक मानवतात ते टिकतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे घडत गेले म्हणजे एका वाड्याची अनेक घरे होतात.

यावरून माकडांचा प्रश्न सुटतो. माणूस आजच्या माकडापासून झाला असे शास्त्र म्हणत नाही. चुलतभाऊ आपला बाप नसतो, त्याचा आणि आपला आजा एक असतो. चुलते वेगळे राहू लागले म्हणून एक घर बुडाले पाहिजे, असे भावकीत कोणी म्हणत नाही. चिंपांझी आणि आपण यांचा समाईक पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या वंशाच्या दोन शाखा आज दोन ठिकाणी नांदत आहेत, एवढेच.

येथे कोणी तरी दशावतारांचा उल्लेख करतोच. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम पाहा, आपल्या पूर्वजांना उत्क्रांती ठाऊक होती, असे म्हटले जाते. अवतारकल्पनेविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच तिच्यावर हे ओझे टाकू नये असे आम्हांस वाटते. धर्माचे संकट आले म्हणजे परमेश्वर रूप घेतो, हा त्या कथांचा आशय. कासवापासून डुक्कर झाले, असे त्या सांगत नाहीत आणि शास्त्रही सांगत नाही. श्रद्धेला पुराव्याची गरज नसते आणि शास्त्राचे पुराव्यावाचून चालत नाही. दोघांनाही आपापल्या पायांवर उभे राहू द्यावे.

आता पुरावा म्हणजे काय, ते पाहू. जिवंत प्राण्यांच्या शरीरात जुन्या वाड्याच्या खुणा सापडतात, पण त्या वाड्यात राहून गेलेली माणसे कोठे आहेत? ती दगडांत आहेत. त्यांनाच आपण जीवाश्म म्हणतो.

हाडाचा दगड होणे ही सोपी गोष्ट नव्हे. गावाबाहेर ढोर पडले, तर कुत्री, गिधाडे, किडे आणि ऊन मिळून त्याची वाट लावतात. थोड्याच वर्षांत काही उरत नाही. पण तेच जनावर नदीच्या पुरात सापडले आणि गाळाखाली झटकन पुरले गेले, तर निराळे घडते. मांस कुजते, हाड राहते. आपल्या मातीत चुनखडी मुबलक. जमिनीत मुरणारे पाणी चुना आणि इतर खनिजे विरघळवून आणते, हाडाच्या सूक्ष्म छिद्रांत भरते, आणि हजारो वर्षांत हाड जड, टणक, दगडासारखे होते. ठोकले तर खणखणते. आकार हाडाचा, वजन दगडाचे. हत्तीखान्यातला हत्ती माणसाने दगडातून केला. पाण्याने मात्र खऱ्याच हत्तीचा दगड केला.

असे हत्ती आपल्या परिसरात आहेत काय? आहेत. मांजरा आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर उगम पावते. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे, आणि पुढे ती लातूर जिल्ह्यात जाते. हिच्या काठच्या गाळाच्या दरडी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पायी हिंडून तपासल्या. लातूर जिल्ह्यातल्या हरवाडीसारख्या ठिकाणी त्यांना हत्ती, रानबैल, हरणे यांची अश्मीभूत हाडे आणि दात मिळाले. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीची साक्ष तर याहून जुनी. नाशिक जिल्ह्यात नांदूर-मधमेश्वरजवळच्या गाळात मिळालेल्या हत्तीच्या अवशेषांचे वर्णन भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ साली प्रसिद्ध केले. हा हत्ती आजच्या हत्तीहून पुष्कळ मोठा आणि सरळ सुळ्यांचा होता. शास्त्रात त्याचे नाव नर्मदेवरून 'नमॅडिकस' असे आहे. पुढे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी प्रवरेकाठी नेवाशाला प्राण्यांचे जीवाश्म आणि अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे यांचा अभ्यास केला आणि १९५६ साली तो प्रसिद्ध केला. म्हणजे या प्राण्यांच्या सोबतीने माणूसही नद्यांच्या काठी हिंडत होता.

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातल्या याच गाळात पाणघोड्याचेही अवशेष आहेत. श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. पाणघोडा म्हणजे दिवसभर पाण्यात डुंबणारा प्राणी. त्याला बारमाही डोह लागतो. चैत्र उजाडला की घागर घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलखाच्या शेजारी एके काळी पाणघोडे डुंबत होते! जळगाव जिल्ह्यात पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे निघाली आहेत, त्यांवर माणसाने नक्षी कोरलेली आहे. त्यांचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षे. हत्ती, पाणघोडा, शहामृग अशी ही आपल्या दख्खनची जुनी वस्ती होती.

ती मोडली कशी? अद्वैत जुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातल्या अशा मोठ्या प्राण्यांचा हिशेब मांडला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसते, की सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीपासून हा सरळ सुळ्यांचा हत्ती, पाणघोडा, जुना घोडा असे काही प्राणी येथून नाहीसे होऊ लागले. त्यांच्या मते याचा संबंध हवामानापेक्षा माणसाच्या आगमनाशी अधिक जुळतो. मात्र अमेरिकेत जितके प्राणी गेले तितके येथे गेले नाहीत. आजचा हत्ती, गेंडा, वाघ, गवा आपल्याकडे राहिले.

आणि एक प्राणी तर नाहीसा होऊनही गेला नाही. तो रानबैल. 'बॉस नमॅडिकस' हे त्याचे नाव. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी सिंधू खोऱ्याच्या पश्चिमेस, मेहरगढच्या परिसरात, माणसाने त्याच्या वंशाला माणसाळवले. त्याची रानटी शाखा संपली आणि पाळीव शाखा आपल्या दाराशी आली. आपला लाल कंधारी, आपला देवणी हे त्याच कुळातले. बैलाच्या वशिंडात हाड नसते, ते मांस आणि चरबी यांचे असते. म्हणून मातीत वशिंड सापडत नाही. पण वशिंड असलेल्या गोवंशाच्या पाठीच्या काही मणक्यांचे वरचे काटे टोकाशी दुभंगलेले असतात. उत्खननात असा मणका मिळाला, की हा वशिंडाचा बैल हे जाणकार ओळखतो. पोळ्याला ज्याच्या शिंगांना आपण बेगड लावतो, त्याच्या आज्या-पणज्यांची हाडे मांजरेच्या दरडीत आहेत. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातून गाड्या घेऊन निघणारा बैल या मातीला इतका जुना परिचित आहे.

राहिला डायनासोरचा प्रश्न. मुलांचा हा सर्वांत आवडता, आणि उत्तर थोडे निराशेचे. आपल्या जिल्ह्यातला काळा पाषाण हा लाव्हारसाचा आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी तो थरांवर थर असा पसरला. तप्त रसात हाड टिकत नाही. मात्र दोन थरांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, आणि त्या तळ्यांच्या गाळात जीव राहत. मुंबईत वरळीला अशाच गाळात लहानसे बेडूक सापडले, त्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केले. लाव्हा पसरण्याच्या आसपासच्या काळातले डायनासोर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळाले आहेत. त्यांची हाडेच नव्हे, तर शेणाचे दगडही मिळाले. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी प्रभृतींनी त्या दगडी शेणात गवताचे सूक्ष्म कण दाखवून दिले. डायनासोरच्या काळी गवत नव्हते, ही समजूत एका गोवरीने मोडली!

याहून जुना डायनासोर गोदावरीच्याच खालच्या अंगाला, सिरोंच्याच्या पलीकडच्या मुलखात सापडला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मंडळींनी १९६० नंतर त्याची शेकडो हाडे खणून काढली आणि १९७५ साली त्याचे नामकरण केले, 'बारापासॉरस टागोरी'. बंगालीत 'बारा पा' म्हणजे मोठा पाय, आणि टागोर हे रवींद्रनाथांचे नाव. सुमारे चौदा मीटर लांबीचा हा प्राणी अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांना स्पर्शून जाणारे पाणी पुढे त्याच्या अंगणावरून जाते.

लाख आणि कोटी हे शब्द ऐकून मन बधिर होते. म्हणून एक माप घेऊ. एक हजार वर्षे म्हणजे एक वीत. या व्यासपीठापासून मोजायला लागू. 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानतात. तो पुरती एक वीतही दूर नाही. पाणघोडे नाहीसे होऊ लागले ते तीस वितींवर, पंधरा हातांवर, म्हणजे या मंडपातच. आपल्यासारखा माणूस प्रथम झाला त्याला सुमारे तीन लाख वर्षे झाली. ते दीडशे हात, मंडपाबाहेर, पण हाकेच्या अंतरावर. काळ्या पाषाणापाशी जायचे तर साडेचौदा किलोमीटर चालावे लागेल, परळीच्या वाटेवर निम्म्याहून पुढे. आणि बारापासॉरसची गाठ घ्यायला चाळीस किलोमीटर. सिनेमात माणूस आणि डायनासोर समोरासमोर येतात. खऱ्या हिशेबात त्यांच्यामध्ये आख्खी परळीची वाट आहे.

आता शेवटचे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. ते सांगताना आमची स्वतःचीच चूक सांगावी लागणार आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आम्हांस एक जड दगड आणून दिला. लांबट, आणि त्यावर भाकरींची चवड आडवी ठेवावी तशा पट्ट्या. घरच्यांनी त्याला राक्षसाचा दात म्हणून देवळीत ठेवले होते. आम्ही ओळखले, ती हत्तीची दाढ होती. हत्तीला जन्मभरात प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, सहा दाढा एकामागून एक येतात, मागून पुढे सरकत येतात आणि झिजून पडतात. पट्ट्यांची संख्या आणि ठेवण पाहून हत्तीची जात सांगता येते. आम्हांस अपार आनंद झाला. आम्ही मुलाची पाठ थोपटली आणि दाढ कपाटात ठेवली. पण एक गोष्ट विचारली नाही, 'ही मिळाली कोठे?' पुढे मुलगा शिकून बाहेरगावी गेला. काही वर्षांनी एक जाणकार पाहुणे आले. त्यांनी दाढ हातात घेतली, डोळे चमकले, आणि त्यांनी पहिला प्रश्न तोच केला, 'कोठे मिळाली? कोणत्या थरात? शेजारी काय होते?' आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी दाढ हळूच खाली ठेवली. 'दाढ उत्तम आहे,' ते म्हणाले, 'पण मुकी आहे.' आम्ही मुलाचा पत्ता शोधून काढला, तेव्हा त्याचे आजोबा वारले होते. ती दाढ त्यांनी आणली होती आणि कोठून आणली हे त्यांनाच ठाऊक होते. ज्या माणसाने वर्गात 'जागा पाहायची' असे शेकडो मुलांना सांगितले, तो जागा विचारायला विसरला. ती दाढ आजही आम्ही पाहिली की मान खाली जाते.

हाड जागेवर असते तेव्हाच बोलते. ते कोणत्या थरात आहे यावरून त्याचे वय समजते, शेजारच्या शंखशिंपल्यांवरून पाणी कसे होते ते कळते, जवळ दगडी हत्यार असेल तर माणसाचा संबंध लागतो. थरातून उपटले, की तो एक जड दगड होतो. आणि आज आपल्या नद्यांच्या दरडी झपाट्याने नाहीशा होत आहेत. हे जीवाश्म नेमके वाळूच्या आणि गोट्यांच्या जुन्या थरांत असतात, आणि वाळूला आज सोन्याचा भाव आहे. रात्री यंत्र नदीत उतरते, सकाळी तीस हजार वर्षांचे पान फाटलेले असते. विटांसाठी पांढरी माती खणली जाते, तीही बहुधा याच गाळाची. वाळू उपशाने विहिरींचे पाणी उतरते हे आपण जाणतो. त्याच खड्ड्यात आपला इतिहासही उतरतो, हे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

तेव्हा या मंडपातून जाताना प्रत्येकाने एवढे न्यावे. विहीर खणताना, दरड कोसळल्यावर किंवा पुरानंतर असे हाड दिसले, तर ते उपटू नये. खिशातल्या मोबाईलने त्याचे छायाचित्र घ्यावे, शेजारी एक नाणे ठेवावे म्हणजे आकार समजतो. गावाचे, शिवाराचे आणि नदीच्या कोणत्या काठाचे, ते लिहून ठेवावे. थर जमिनीपासून किती हात खाली आहे तेही लिहावे. आणि जवळच्या महाविद्यालयाला, डेक्कन कॉलेजला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. हाड पाण्याने वाहून जाणारच असेल आणि उचलणे भागच पडले, तर ही टिपणे आधी करावीत, हाड मागून उचलावे.

शिक्षकबंधूंना आणखी एक विनंती. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग गळला, तो बारावीवर गेला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, २०१८ च्या पुस्तकात, 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. दहावीनंतर आपल्याकडची किती मुले आणि विशेषतः किती मुली विज्ञानाकडे जातात, हे आपण जाणता. ज्यांचे विज्ञान दहावीला संपते, त्यांना ही ओळख दहावीपर्यंत झालीच पाहिजे. धडा वाचून दाखवून भागवू नका. बैलबाजारात न्या, दात दाखवा. नालबंदापाशी न्या, खूर दाखवा. दरडीपाशी न्या आणि थर मोजायला सांगा. या जिल्ह्यात प्रयोगशाळा कमी आहेत, पण अशा उघड्या प्रयोगशाळांना येथे तोटा नाही.

आरंभी आम्ही म्हणालो, की आपण कोण याचे एक उत्तर गोठ्यात आहे आणि एक दरडीत. गोठ्यातले उत्तर रोज आपल्यासमोर उभे आहे, ते लगेच जाणार नाही. दरडीतले मात्र घाईत आहे. ती आमची मुकी दाढ आता बोलणार नाही, पण मांजरेच्या काठी अजून बोलू शकणारी हाडे आहेत. त्यांना बोलू द्यावे, एवढेच आपणां सर्वांस सांगून आम्ही आमचे भाषण संपवितो.